सात ते आठ

रविवार, २५ ऑगस्ट २०२४. दूध वेळेवर. सव्वासातला गणपतीच्या वर्गणीला दोघे आले, यंदा एक बाईही. हातात पावतीपुस्तक. ‘श्रुतिका आहे का?’ असे नाव घेऊन विचारले. गावाला गेली म्हणून सांगितले. पुन्हा दोनदा बेल वाजवली, उघडले नाही. श्रुतिका आत झोपलेली. दुपारी भरली वांगी.

बोरिवलीच्या त्या दारातून ही डायरी लिहिणाऱ्या नलिनीताईंनी चाळीस वर्षांत असे किती जण परतवले असतील. पण त्या रविवारची माणसे वर्गणीची नव्हतीच. खेळाडूंनी उत्तेजक द्रव्ये घेतली का, हे तपासणारी होती.

नलिनीताईंची नात श्रुतिका स्कीइंग करते. डोंगरावरून घसरत येण्याचे नव्हे. सपाट बर्फावर दोन काठ्यांनी स्वतःला रेटत दहा-दहा किलोमीटर जायचे, तसले. कॉलेजात असताना मनालीच्या शिबिराला गेली आणि येताना हे वेड घेऊन आली. आईवडील चिपळूणला, म्हणून राहायला आजीकडे. बोरिवलीत बर्फ कुठला? पहाटे गोराईच्या रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव चाले. दारावर मासे घेऊन येणारी कमळ तिला रोज छेडायची, “काय गं बर्फवाली, माझ्या टोपलीत बर्फ हाय, घसरतेस?”

अशा खेळाडूने दिवसातला एक तास आधी कळवायचा आणि त्या तासात सांगितलेल्या जागी असायचेच, कारण तपासणारे न कळवता येतात. वर्षात तीनदा चुकले की बंदी. मार्चमध्ये विमान चुकले तेव्हा एकदा झाले होते. आजीने गावाला पाठवली ते दुसरे.

तेव्हापासून सकाळी सात ते आठ, श्रुतिकाने कळवलेल्या तासात, घराला कुलूप लागल्यासारखे झाले. श्रुतिका खिडकीच्या ग्रिलला रबरी पट्टे बांधून ओढत राही. नलिनीताई दाराशी खुर्ची टाकून बसत. मिक्सर बंद, नळ बंद, देवाची घंटासुद्धा आठनंतर. बेल ऐकू आली नाही तर?

“आजी, तू कशाला अडकतेस? जा ना, फिरून ये.”

“मीच घालवलं ना त्यांना? मग मीच बसणार.”

दहा डिसेंबरला, मंगळवारी, सात वाजून दहा मिनिटांनी दूध उतू जाताना दिसले म्हणून त्या धावल्या आणि ओल्या लादीवर पाय सरकला. सगळा भार उजव्या हातावर आला.

“आजी, काय पडलं?”

“पातेलं.”

पदराखाली मनगट धरून त्या पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या. पाचच मिनिटांत श्रुतिकाला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. तिने पदर बाजूला केला.

“वाट लागलीय हाताची! चल, रिक्षा बघते.”

“आठला जाऊ.”

“पंचेचाळीस मिनिटं? वेडी आहेस का?”

“तो तास बदलता येतो का आता?”

सुरू झालेला तास बदलता येत नसे. फेब्रुवारीत जागतिक स्पर्धा होती, दहा दिवसांत निघायचे होते. तिने चप्पल पायात अडकवली.

“गेली स्पर्धा खड्ड्यात. ऊठ.”

“तू उंबरा ओलांडलास तर मी डॉक्टरकडे जाणारच नाही. बसेन इथेच.”

इतक्यात बेल वाजली. नलिनीताई डाव्या हाताने दाराच्या कडीला झोंबल्या.

बाहेर कमळ. डोक्यावर टोपली.

“बोंबील हायत, आजी... अगो बाय, हात कसला सुजलाय ह्यो!”

तिला सगळे सांगायला दोन मिनिटे लागली. कमळने टोपली मोरीत नेऊन ठेवली आणि पदर खोचला.

“बर्फवाली, तू बस कोंडून. आजीला मी नेते. आधीच सांगते, माझा धंदा बुडवलास, तिकडून येताना मेडल आण.”

“कमळमावशी, मेडल नाही मिळत मला. मी सत्तरावी-ऐंशीवी येते.”

“मग इतकी मरमर कशाला गो?”

श्रुतिकाने आजीच्या पायात चप्पल सरकवली.

खाली रिक्षात बसताना नलिनीताईंनी वर पाहिले. ग्रिलच्या दोन गजांना धरून श्रुतिका उभी होती. पट्टे बाजूला लोंबत होते. नलिनीताईंनी चांगल्या हाताने आतल्या दाराकडे बोट दाखवले. खिडकीत काय करतेस, बेलकडे लक्ष दे.

त्या संध्याकाळी डायरीतली अक्षरे लहान मुलाची वाटावीत अशी तिरकी होती.

मंगळवार, १० डिसेंबर. डाव्या हाताने लिहिते. प्लास्टर सहा आठवडे. सात ते आठ कोणी आले नाही. टोपलीतला बर्फ वितळला, कमळचे बोंबील आपल्या फ्रिजमध्ये. मोरी फिनेलने दोनदा धुतली, वास अजून आहे.