कडप्प्याचा उंबरा

नवघरची आमची बिल्डिंग धोकादायक ठरली, सगळ्यांना घरं खाली करायला सांगितलं, तेव्हा आईने एकच अट घातली. उंबरा बरोबर न्यायचा. मी म्हटलं, आई, भाड्याच्या घरात कपाट मावायची मारामार आहे, आणि तुझं काय हे? ती फडकं घेऊन उंबरा पुसायला बसली. म्हणजे ठरलं.

उंबरा कसला, काळ्या कडप्प्याची पट्टी. आम्ही मुंबईतून नवघरला राहायला आलो तेव्हा बिल्डरने दाराला उंबराच दिला नव्हता. ओटा बसवून जो कडप्पा उरला, तो बाबांनी मिस्त्रीच्या मागे लागून दारात बसवून घेतला. तेव्हापासून आई रोज सकाळी त्यावर हळदकुंकू वाहायची. बाबा गेल्यावर तिने स्वतःचं कुंकू सोडलं, उंबऱ्याचं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. कडप्पा हे आंध्रातलं गाव. त्या भागात फार जुने, थरांचे खडक सापडले, म्हणून तसल्या खडकांच्या अख्ख्या समूहालाच गावाचं नाव पडलं. वर्गात विचारलं, कडप्पा म्हणजे काय, तर मुलं सांगतात, किचनचा ओटा. त्यांना चूक तरी कसं म्हणू?

गावाच्या नावाचा अर्थ मात्र मला समोरच्या तेलुगू काकूंकडून कळला. आईची अट ऐकून त्या म्हणाल्या, "हमारे में उंबरे को ही गडपा बोलते हैं." तिरुपतीच्या वाटेवरचं गाव, म्हणजे देवाच्या दारातला उंबरा, त्यावरून ते नाव, असं त्यांच्याकडे सांगतात. आईला हे इतकं पटलं की मला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

मिस्त्री आला, त्याने छिन्नी लावली. पहिल्याच ठोक्याला वरचा पापुद्रा सुटला, हळदकुंकवाच्या डागांसकट. मग त्याखालचा. आता हे मला ठाऊक नव्हतं का? थरांचा खडक थराथराने सुटतो, दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मीच शिकवते. पण आई पदर मुठीत धरून बाजूला उभी होती, आणि मी आपली सांगत राहिले, "धीरे भैया, जरा धीरे." हळू करून काय डोंबल होणार होतं. पट्टीचा चुरा झाला. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

केबिन रोडजवळच्या या भाड्याच्या घरात जिन्यापासून आतपर्यंत सपाट, पांढऱ्या टाइल्स आहेत. पहिल्याच सकाळी आईने दारात हळदकुंकू वाहिलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, "आंटी, टाइल्स पे दाग पड़ेगा." मी भांडायला निघाले होते. आईने माझा हात धरला. "घर त्यांचं आहे," म्हणाली, आणि ओल्या फडक्याने स्वतःच पुसून घेतलं.

हल्ली ती भाजी घेऊन येते, दारात थांबते आणि पाय उंच उचलून आत टाकते. परवा मी चिडले. म्हटलं, आई, अगं सपाट आहे, पडशील अशाने.

पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "काय करू गं, घरात आले की नाही तेच कळत नाही."