इंजिनकाकांचं खोबरेल

इंजिनकाका यंत्राला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलत. ट्रॉलरचं इंजिन असो नाहीतर शेजारणीचा मिक्सर, पहिला प्रश्न ठरलेला, "काय गो, खंय दुखता?" मालवणच्या बंदरावर त्यांनी सारी उमर इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. नजर कमी झाली तशी बोटीवरची कामं सुटली. त्याच सुमारास मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. मी मूळची जामसंड्याची, मालवणात कचेरीतली नोकरी, आणि डोक्यात नेमबाजीचं खूळ.

आमच्या क्लबचं पॉइंट टू टूचं पिस्तूल म्हणजे नुसता छळ होता. दहा गोळ्यांत दोनदा तरी अडकायचं, झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेरच पडायची नाही. आमच्या सरांनीही हात टेकले. शेवटी मी काकांना रेंजवर नेलं. त्यांनी खोललेलं पिस्तूल डोळ्यांशी धरलं आणि निदान केलं, "हिका सर्दी झाली हा. घसो भरलो." या गोळ्यांना मेण असतं. ते मेण आणि काजळी आत साचली होती, वर खाऱ्या हवेचा गंज. तीन महिने काका दर रविवारी आले, सरांसमोर बसून खटपट करत राहिले. पुंगळी ओढणारी चिमुकली आकडी घासून नीट केली, स्प्रिंग बदलायला लावली आणि सगळ्यावर घरच्या माडांचं खोबरेल फिरवलं. "बाजारातला तेल खाऱ्या वाऱ्यात टिकत नाय," म्हणाले. पिस्तूल असं सुरळीत चालू लागलं की काकांनी ते बंदरभर सांगितलं.

मग दिल्लीची निवड चाचणी आली, ऐन थंडीत. पहिल्या भागात तिसऱ्याच गोळीला पिस्तूल अडकलं. मी हात वर केला, पंचांनी पाहिलं, पुन्हा संधी दिली. पण अशी सवलत प्रत्येक भागात एकदाच. परत अडकलं, आणि न झाडलेल्या गोळ्यांचे शून्य पडले. संपलं! नंतर सरांबरोबर पिस्तूल उघडलं तर आत पांढरं तेल गोठून बसलेलं. थंडीत खोबरेल गोठतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही! तेवढ्यात काकांचा फोन, पिस्तुलाची चौकशी करायला. "हिना दगो नाय मां दिल्यान?" त्या आवाजातली काळजी ऐकली आणि मी म्हणून गेले, "नाही काका. माझाच हात ढिला पडला." सरांनाही गप्प राहायची शपथ घातली.

तिथून मी जी अडकले ती अडकलेच. बाबा म्हणाले, ऐनवेळी लटपटणारा हात काय कामाचा, पुरे झालं. क्लबने पुढच्या चाचण्यांना दुसरीला पाठवलं. आणि काका! ते रोज चहाला धारेवर धरायचे. मनगट कसं होतं, कोपर वाकलं का, घोडा दाबताना श्वास कुठे होता? "फॉल्ट गावल्याबिगर मशीन सोडूचा नाय," हा त्यांचा बाणा, आणि मशीन आता मी. माझ्या हातात पाण्याची कळशी देऊन अंगणात उभी करायचे, वर म्हणायचे, "बघ, ढिलो पडता." हात चांगला दगडासारखा असायचा, पण मुद्दाम थोडा हलवावा लागे. खरं सांगवेना, खोटं सोसवेना. त्यांच्यावर चिडायचे, खोलीत येऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी.

थंडी आली की आणखी एक धास्ती. काकू गोठलेल्या खोबरेलाची बाटली सकाळी पायरीवर उन्हात ठेवायच्या. ती पाहून काकांना दिल्लीचं कोडं उलगडू नये म्हणून ते उठायच्या आत मी ती पळवून माझ्या गॅसपाशी नेऊन वितळवून आणत असे. तीन हिवाळे मी हा उद्योग केला. चौथ्या हिवाळ्यात शनिवार-रविवार घरी गेले आणि सोमवारी परतले, तर काका पायरीवर बसलेले, हातात पांढरी बाटली.

"तुका माहीत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"दिल्लीपासून."

"आणि मी चार वर्सां तुझ्या हाताक नावां ठेवतंय!" त्यांचे डोळे भरून आले. "माझी लाज राखूक तू आपलो हात बदनाम केलंस? कोणी सांगल्यान तुका?" असं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाबांचा फोन. "तुझे घरमालक आलेत. मांडीवर खोबरेलाची बाटली घेऊन बसलेत." मालवणाबाहेर सहसा न जाणारा हा माणूस दोन एसट्या बदलून जामसंड्याला पोचला होता, आणि मागून त्यांचा आवाज येत होता, कचेरीत अर्ज द्यावा तशा शुद्ध मराठीत, "चूक माझी झाली साहेब. मुलीचा हात चांगला आहे." तेच वाक्य त्यांनी क्लबातही सांगितलं. मग काकूंच्या फ्रिजमध्ये बांगड्यांशेजारी चार तेलांच्या वाट्या बसल्या. काकू करवादल्या, पण शिलाई मशीनचं तेल गोठलं नाही, तेच ठरलं.

पुढच्या थंडीत क्लबने मला पुन्हा दिल्लीला पाठवलं. त्यानंतर पावसाळ्यात काका गेले, त्यामुळे चाचणी संपल्यावर मी त्यांना केलेला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. साठच्या साठ गोळ्या सुटल्या होत्या. पिस्तूल एकदाही अडकलं नाही, आणि तरी निवडीला माझे गुण कमी पडले. मी चाचरत म्हटलं, "काका, या वेळी खरंच हात कमी पडला हो."

मग काका इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. "गावलो! अगो ऐकलंस," ते काकूंना ओरडून सांगत होते, "चेडवाचो फॉल्ट गावलो! हात! हातच!" आणि मग मला, "ये गो बाये घरी. कळशी भरून ठेवतंय."