पोर्ट हार्लोचे दुधाचे दात

गिलियन ट्रेगेंझाची आई दिवसातून तीनदा व्हरांडा पुसायची. तरी आमच्या पोर्ट हार्लोतल्या शिशाच्या कारखान्याचा डॉक्टर तिला तोंडावर म्हणाला होता, "बाई, घर नीट ठेवा, म्हणजे मुलीचं रक्त नीट राहील." वा रे डॉक्टर! धुराडं तुमचं, धूळ तुमची, आणि खापर बाईच्या डोक्यावर!

गिलियन शिकली, नावारूपाला आली. शिशाचे अणू कमीजास्त वजनाचे असतात आणि त्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. तेवढ्यावरून ती शिसं कुठल्या खाणीचं ते ओळखायची, खडकांची अब्जावधी वर्षांची वयं सांगायची. परदेशातले प्रोफेसर तिला विचारल्याशिवाय लेख छापत नसत. पन्नाशीत तिला गावाकडच्या शेजारच्या नुंझियाचा फोन आला. या नुंझियाला तिने लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

"गिल, माझ्या पोराच्या, रोकोच्या रक्तात मर्यादेच्या तिप्पट शिसं निघालंय. कारखान्याचं पत्र आलंय. म्हणतात, भिंतींचा जुना रंग झडतो आणि मी झाडलोट करत नाही. मी काय आळशी आहे का गं?"

"कोण म्हणतो आळशी? नाव सांग त्याचं!" गिलियन फोनवरच कडाडली, आणि पुढच्या आठवड्यात गावात हजर झाली.

अडचण एकच होती. कारखान्यासारखाच जुना रंगही इथल्याच खाणीच्या शिशाचा, त्यामुळे इथलं शिसं सापडून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण गेली दहा वर्षं कारखाना बोलिव्हियातून बोटीने आणलेला शिशाचा दगडही वितळवत होता. ते शिसं चाळीस वर्षांपूर्वीच्या रंगात येणार कुठून?

आमच्याकडे पोराचा दात पडला की पाण्याच्या पेल्यात ठेवतात. सकाळी पेल्यात नाणं असतं, दात परीने नेलेला असतो. नेलेला कसला, आईच्या कपाटात असतो! पहिल्या काही वर्षांत अंगात गेलेलं शिसं त्या दातात बसून राहतं. गिलियनने ते दात मागितले. एकतीस आया काडेपेट्या घेऊन आल्या.

"पोरांना सांगू नकोस हं," एक जण म्हणाली, "नाहीतर परी मेलीच म्हणून समज."

चार महिने गिलियनने अंगठी घातली नाही, ओठाला रंग लावला नाही, की बाहेरचा कण दातांना लागायला नको. एकतीसपैकी सत्तावीस दातांत बोलिव्हियाचं शिसं निघालं. उरलेली चार पोरं गावात नवीनच आली होती.

सभा नगरभवनात भरली. कारखान्याचा मॅनेजर प्रिचर्ड म्हणाला, "मातांनी थोडी काळजी घेतली असती तर..."

"गप बसा!" गिलियन ओरडली. "तुमच्या बोटीतून उतरलेलं शिसं या पोरांच्या दातांत आहे. यांतली कुठली आई बोलिव्हियाला गेली होती, दाखवा बोट करून!"

निलाजरा तो! म्हणाला, पत्र मागे घेतो. एवढंच, आणि चहा ढवळू लागला. अंगाचा नुसता तिळपापड झाला आमच्या.

नुंझिया उठून उभी राहिली. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"मुळीच नव्हती."

"मग आता ते रोकोच्या अंगातून निघेल ना?"

हाडातलं शिसं किती दशकं राहतं ते गिलियनला तोंडपाठ होतं. "नाही गं," ती म्हणाली. "हाडातलं इतक्यात जात नाही."

नुंझिया खाली बसली. "मग माझीच चूक असती तर बरं झालं असतं, गिल. मी सुधारले तरी असते."