पोरीला किती तास बसवायचं

विहिरीत तिसऱ्यांदा सोडलेला गळ जड झाला आणि काठावरचे सगळे पुरुष पुढे वाकले. दोर वर येऊ लागला. मी डोळे मिटले नाहीत. वर आली ती पावसाळ्यात पडलेली आमचीच बादली.

माझी सहा वर्षांची मुलगी दुपारपासून सापडत नव्हती. बाळापूरजवळच्या आमच्या गावात लेकरू हरवलं की आधी विहिरीत गळ टाकायचा, अशी रीतच होती. दुसरीकडे कोणी बघत नसे. पण त्या बादलीबरोबर रहाट करकरला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या आवाजाला तर पोरगी कान झाकून पळते. ती विहिरीकडे येईलच कशाला? आवाज नाही अशी जागा घरात एकच होती. मी धावत सुटले.

मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. सरकी काढायला गाड्या अकोल्याच्या जिनात जाईपर्यंत तो घरातच असायचा. ढिगाची एक बाजू खचलेली दिसली. मी दोन्ही हातांनी कापूस उपसला. खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा टाच लागली. गरम होती. धरून ओढली. ओठ निळे, नाकातोंडात कापूस. बोटानं तो काढला, पाठीत दोन चापट्या हाणल्या. ती ठसकली, श्वास घेतला आणि मला कडकडून चावली. मी हसतच सुटले. सासूबाईंना वाटलं, मला वेड लागलं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा तो हिवाळा. अशा मुलांना आता स्वमग्न म्हणतात. तेव्हा अमरावतीचा डॉक्टर एवढंच म्हणाला होता की कान चांगले आहेत. ती बोलत नव्हती, डोळ्याला डोळा देत नव्हती, तासन्‌तास ताटली फिरवत बसायची. मग अकोल्याहून निवृत्त झालेले, नात्यातले एक गुरुजी आमच्याकडे येऊन राहिले. ते तिला पाटावर बसवत, हनुवटी धरून आपल्याकडे बघायला लावत. बघितलं की गुळाचा खडा. नाक दाखवलं की खडा. दोन महिन्यांत ती नाक, कान दाखवायला लागली. गुरुजींची विद्या खोटी नव्हती, हे मी आजही सांगते. पण ते तिला दिवसाचे आठ तास बसवत. पोरगी मनगट चावून रक्त काढायला लागली, जेवेनाशी झाली. त्या दुपारी पाटावरून निसटून ती कापसात घुसली होती.

मी ओसरीवर आले आणि म्हणाले, "उद्यापासून एक तास."

"बाई, सोडलं तर सगळं मांगं जाईन," गुरुजी म्हणाले. "येच वय हाय."

"तुले काय समजते?" पोरीचे वडील माझ्यावर उखडले. "चौथी शिकली न् गुरुजीले शिकवून राहिली?"

"नवा गोऱ्हा पयल्या मयन्यात किती येळ जुपता तुमी?"

पोरीचे वडील म्हणाले, "सकायची एक पाळी."

"मंग पोरीले काहून दिवसभर?"

"जनावर न् माणूस एक नसते, बाई," गुरुजी म्हणाले.

"नसतेच. जनावर दमलं का तुमी सोडता."

"घ्या," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता सूनबाईची शाळा."

गुरुजी रागावले, पण गेले नाहीत. एक तासावर आलो. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही आणि घरात सगळे माझ्याकडे बघत. आतून मीही हादरले होते. एक तास कमी पडला आणि पोरगी जन्मभर मुकी राहिली तर तो दोष माझा, दुसऱ्या कोणाचा नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. खरखर आवाज आला. पोरगी पाट ओढत आणत होती. तिनं तो गुरुजींसमोर आपटला आणि वर बसली. कोणी सांगितलं नव्हतं. माझी भाकरी तव्यावर जळली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चाल मंग."

त्या दिवसापासून नेम तोच. तिनं पाट आणला तर धडा, ढकलला तर उठायचं. कधी दीड तास व्हायचा, कधी पाव. बाकी दिवस ती माझ्याबरोबर वावरात. होळीच्या सुमारास तिनं माझा पदर ओढला, मडक्याकडे नेलं आणि म्हणाली, "पानी." मी तिला तीन पेले पाजले, तिला नको होतं तरी. मग गुरुजी पारावर बसले होते तिकडे अनवाणीच सांगायला धावले. वाटेत शेजारीण म्हणाली, "एवढं काय घबाड सापडलं वं?" मी थांबले नाही.

गुरुजींनी मला पुन्हा म्हणायला लावलं. "खरं सांगून राह्यली? पानी म्हने?" घरी येऊन त्यांनी तिच्यासाठी गुळाची अख्खी ढेप काढली. मी अर्धी परत ठेवली.

तिला पुढे चाळीस-पन्नास शब्द आले. शाळेत ती कधी गेली नाही. आठ तास बसवली असती तर शंभर आले असते का, मला माहीत नाही. तो प्रश्न मी विचारत बसले नाही.

गुरुजी गेले, सासूबाई गेल्या, तिचे वडीलही गेले. ती आहे आणि मी आहे.