आवाज नसलेला ब्रेक

नव्या रबराचा वास आला की लातूरचं ते सायकलीचं दुकान आठवतं. माझ्या फोल्डिंगच्या सायकलीचे ब्रेक झिजून किंचाळायचे, आणि दृष्टी गेलेल्या सासूबाई त्यावरूनच मी आल्याचं ओळखून चहा ठेवतात, अशी माझी पक्की समजूत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे असलेल्या दुकानदारानं पुढच्या ब्रेकला एक रबर, मागच्याला दुसरं लावलं आणि म्हणाला, "चक्कर मारून या, मग ठरवा. मागचं टिकतंय, पर कुरकुरतंय. पुढचं लई मऊ हाय, आवाजच न्हाई." डाळमिलच्या धुळीतून फिरून आले. उतारावर पुढचंच चाक नीट धरत होतं, म्हणून मन घट्ट करून दोन्हीकडं मऊच रबर बसवून घेतलं. घरापाशी सायकल मांजरीसारखी थांबली. ती उचलून दारात आले, तर आतून हाक, "आलीस का गं? चहा ठेवते." मी चाटच पडले. "आत्याबाई, ब्रेक तर वाजलाच नाही!" त्या हसल्या, "ब्रेक कोण ऐकतंय? दारात आलीस की सुस्कारा टाकतीस, तेच तर ऐकते मी रोज." अजूनही दारात आले की मी कान देते, पण माझा सुस्कारा मला काही ऐकू येत नाही.