अर्धे सिनेमे

कॅसेटकाकांनी आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. हे कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं, कारण चौकातली व्हिडिओ लायब्ररी त्यांचीच. भिंतभर कॅसेटी, भाड्याने द्यायला दोन व्हीसीआर, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकांची अशी झुंबड की पाणी प्यायची फुरसत नसे. सिनेमे बघायचे ते लोकांनी. काका बिचारे देण्याघेण्यातच घामाघूम.

घर दुकानाच्या मागेच, मध्ये एक पडदा. परत आलेली कॅसेट नीट चालते की नाही, हे आतल्या मशिनवर लावून बघावं लागे. ते काम काकूंकडे. भाजी निवडता निवडता त्या डोळे लावून बसत, आणि सिनेमा ऐन रंगात आला की पडद्याआडून काका आत येत. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असे. कॅसेट काढायची आणि चालतं व्हायचं. काकूंच्या वाट्याला सगळे अर्धेच सिनेमे आले.

दुकान बंद करून काका जेवायला बसले की काकू विचारत, पुढे काय झालं हो? काकांचे पाय भरून आलेले, डोकं भणभणलेलं. मी बघितलेलाच नाही म्हणावं, तर लायब्ररीवाल्याची अब्रू जाते. मग घास गिळता गिळता ते तोंडाला येईल तो शेवट ठोकून देत. दिवसभरात नवराबायकोचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

पुढे सीड्या आल्या, केबल आली, सिनेमे लोकांच्या खिशातल्या फोनात जाऊन बसले आणि लायब्ररीने मान टाकली. काका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावायला लागले. संध्याकाळी घरी येत ते अंगातला सगळा जीव तिथेच ठेवून आल्यासारखे. त्यात परवा लेकीने घरात मोठा टीव्ही बसवून दिला. त्यात म्हणे हवा तो सिनेमा, जुना असो की नवा. आई, आता शेवटपर्यंत बघ, असं सांगून ती सासरी गेली. बायकोने इतकी वर्षं काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आता एकेका संध्याकाळी एकेक थाप उघडी पडणार होती.

काकूंनी नेमका तेव्हा अर्धा राहिलेला, बोटीवर गेलेल्या नवऱ्याचा सिनेमा लावला. काकांना आपण सांगितलेला शेवट पक्का आठवत होता: नवरा दाढी वाढवून परत येतो, कोणी ओळखत नाही, बायको तेवढी ओळखते. झोप येतेय असं त्यांनी सांगून पाहिलं, उरलेला उद्या बघू म्हणून पाहिलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. टीव्हीतली बोट बुडाली, बाईने घराला कुलूप लावलं आणि ती एकटीच चालू लागली. सिनेमा संपला.

"तुम्ही सांगितलंत त्यात तर तो परत आला होता," काकू म्हणाल्या.

 काका म्हणाले, "मी एकही बघितला नव्हता गं. दमलेला असायचो. सुचेल ते सांगायचो."

 काकूंनी उठून भांडी आवरली. काकांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ही आता आपल्याला पुन्हा काही विचारणार नाही, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले तर टीव्हीवर एक जुना सिनेमा चालू होता आणि ताटं मांडलेली होती. काका मुकाट्याने जेवायला बसले. सिनेमा ऐन रंगात आला, तशी काकूंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"हं. पुढे काय झालं?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "अगं, आज खरंच दमलोय."

"तेव्हाही दमलेलेच असायचात," काकू म्हणाल्या. "सांगा."