त्र्यंबकरावांची नवी मंडळी

त्र्यंबकराव सरकारी कचेरीत बाबू होते. उभ्या नोकरीत कुठल्याही साहेबानं त्यांचं मत विचारलं नाही. बायको आशालता गेल्यावर घरीही विचारणारं कोणी उरलं नाही. मुलगी श्रद्धा नागपूरला. तिचा फोन ‘गोळ्या घेतल्या का’ इथंच संपायचा. बोलायला एकच माणूस होता, रशीद. बालाघाटच्या बाजारात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. आशालताबाईंच्या आजारपणात तोच त्यांना आपल्या गाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचा.

मग शेजारच्या हेमराजनं त्र्यंबकरावांना गल्लीतल्या पोरांच्या संध्याकाळच्या बैठकीला नेलं. पोरांनी पाया पडून पुढची खुर्ची दिली. ‘काकाजी, आप बोलिए,’ म्हणाले. ते बोलले, टाळ्या पडल्या.

बैठकीत रोज एकच विषय असायचा: आपल्याला लुटलं, आणि लुटणारे ते, दुसऱ्या धर्माचे. त्र्यंबकरावांना सुरुवातीला हे अतीच वाटलं. तसं त्यांनी म्हटलं, तर पुढच्या वेळी त्यांच्यासाठी कोणी उठलं नाही. तेव्हापासून ते सगळ्यांहून मोठ्यानं बोलू लागले. अडलेली बढती, रिकामं घर, सगळ्याला आता दोषी सापडला होता.

एक दिवस हेमराज म्हणाला, ‘रशीदही त्यांच्यातलाच. त्याच्याविरुद्ध बाजारात तुम्हीच बोला काकाजी. तुमचा दोस्त आहे, लोक मानतील.’

भर बाजारात, रशीदच्या समोर, त्र्यंबकराव म्हणाले, हा माणूस दुरुस्तीच्या नावाखाली घरात शिरून बायकांवर वाईट नजर ठेवतो. आपण खोटं बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं. पोरांनी लगेच दुकान फोडलं. रशीद बायको-मुलांना घेऊन गोंदियाला सासुरवाडीला निघून गेला.

कानावर आलं तशी श्रद्धा आली.

‘बाबा, आईले दवाखान्यात कोण नेत होतं? काहून असं बोलले तुम्ही?’

‘तिथं मले विचारतात. तू विचारते का कधी?’

‘म्हणून त्याचं घर उठवलं?’

‘तुझ्यासारख्यांमुळंच हे लोक माजले.’ हे शब्द बैठकीतले होते. श्रद्धानं ते बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

ती गोंदियाला जाऊन रशीदला भेटली, माफी मागितली. त्यानं तिला आत बोलावून बसवलं. मग म्हणाला, ‘त्या पोरांले मी ओळखतही नाही, बेटी. त्यांचं काय वाईट वाटून घेऊ? पण तुझे बाबा माझ्याकडे पाहून बोलले.’

श्रद्धा परस्पर नागपूरला गेली. तिनं फोन करणं सोडलं. त्र्यंबकरावांनी बैठकीत सांगितलं, मुलगीही त्या लोकांनीच फितवली. पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या.